स्वयंव्यवसायी कलावंत आणि प्राप्तिकर
कोणाच्याही कायम चाकरीत नसलेल्या आणि स्वतःच्या कलेवर उपजीविका करणाऱ्या व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नावर आकारला जाणारा प्राप्तिकर व त्याच्या आकारणीची पद्धती. चित्रकार, मूर्तिकार, गायक, वादक, नट, नर्तकी, शाहीर, कीर्तनकार, लेखक, छायाचित्रकार इत्यादींचा यात समावेश होतो. नोकरदाराचे वेतन ठरलेले असते, त्यावरील कर मालक परस्पर कापून घेतो आणि हिशेबाची कागदपत्रेही तोच देतो. कलावंताला यांपैकी काहीच लाभत नाही. त्याचे उत्पन्न हंगामी असते, अनेकदा रोखीने मिळते, काही वेळा शाल-श्रीफळाबरोबरच्या पाकिटातून येते, आणि त्यातील खर्च किती व नफा किती हे पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. प्राप्तिकराचे सर्व प्रश्न या अनिश्चिततेतून उद्‌भवतात.

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० मध्ये जेम्स विल्सन याने आणला. पुढे १८८६, १९१८ व १९२२ चे अधिनियम झाले आणि त्यांची जागा प्राप्तिकर अधिनियम, १९६१ याने घेतली (अंमल १ एप्रिल १९६२ पासून). या अधिनियमाच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर अधिनियम संमत केला असून त्याच्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६ हा ठरविण्यात आला. नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तसेच ‘पूर्ववर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आली. तथापि येथे विवेचन केलेली मूळ तत्त्वे बदललेली नाहीत. कलमांचे जुने क्रमांक व्यवहारात रूढ असल्याने पुढील विवेचनात तेच वापरले आहेत.

व्यवसाय, वृत्ती आणि धंदा : अधिनियमाने उत्पन्नाची पाच शीर्षे मानली आहेत : वेतन, घर-मालमत्ता, धंदा वा व्यवसाय, भांडवली लाभ आणि इतर मार्ग. स्वतंत्र कलावंताचे उत्पन्न सामान्यतः तिसऱ्या शीर्षाखाली येते. व्यवसाय म्हणजे काय, याचे पूर्ण वर्णन अधिनियमात नाही. व्यवसायात ‘वृत्ती’चा समावेश होतो, एवढेच त्यात म्हटले आहे. या बाबतीत १९१९ मधील एका इंग्लिश निकालाचा आधार अजूनही घेतला जातो. एका नियतकालिकाच्या संपादकाविषयीच्या त्या वादात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी असे मत मांडले, की केवळ बौद्धिक कौशल्य अथवा बुद्धीने नियंत्रित झालेले हाताचे कौशल्य जेथे लागते तो व्यवसाय होय. आणि दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे म्हणून त्यांनी चित्रकला, मूर्तिकला व शस्त्रक्रिया यांचा उल्लेख केला. चित्रकार आणि शल्यविशारद यांना कायद्याने एका पंक्तीत बसविल्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे.

याउलट वीस-पंचवीस माणसे, तंबू, मालमोटार व जनित्र बाळगणारा तमाशाचा फडमालक हा स्वतः उत्तम कलावंत असला, तरी त्याचा उद्योग धंदा या सदरात मोडतो; कारण त्याचे उत्पन्न त्याच्या एकट्याच्या कौशल्यातून येत नसून भांडवल व इतरांचे श्रम यांच्या संघटनेतून येते. फडात हंगामभर ठरावीक रकमेवर राहणारा सोंगाड्या किंवा ढोलकीवादक हा मालकाच्या हुकमतीखाली काम करीत असेल, तर त्याची प्राप्ती वेतन ठरू शकते. तोच वादक फड उठल्यावर गावोगावच्या भजनी मंडळांना साथ करू लागला, की ती प्राप्ती व्यवसायाची होते. एकाच व्यक्तीचे एकाच वर्षातील उत्पन्न अशा रीतीने दोन शीर्षांत विभागले जाते. शाळेत संगीतशिक्षक म्हणून नोकरी करून सायंकाळी कार्यक्रम करणाऱ्यांची स्थितीही अशीच असते.

स्वतः काढलेल्या चित्राची विक्री हे चित्रकाराच्या बाबतीत व्यवसायाचे उत्पन्न असते. तेच चित्र विकत घेऊन काही वर्षांनी विकणाऱ्या रसिकास मात्र भांडवली लाभाचा कर द्यावा लागतो.

श्रीरामपूर परिसरातील चित्र : हा विषय केवळ मुंबई-पुण्याच्या चित्रपटव्यवसायापुरता आहे, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर हे दौंड-मनमाड लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण व मोठी बाजारपेठ आहे. ऊसशेती आणि साखर कारखानदारी यांमुळे विसाव्या शतकात या भागात रोख पैसा खेळू लागला आणि त्याच्या आश्रयाने कलावंतांचा एक वर्ग उभा राहिला : दुकानांचे फलक रंगविणारे चित्रकार, गणपतीच्या मूर्ती घडविणारे कारागीर, लग्नसराईतील बँडपथके, छायाचित्रकार, वाद्यवृंद, भजनी मंडळांचे पेटी-तबलावादक. गोदावरीकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील हरिनाम सप्ताह, हरेगावची मतमाउलीची यात्रा, जवळचे शिर्डी व शनिशिंगणापूर यांमुळे कीर्तन, भजन, बँड व मंडपसजावट यांना वर्षातून अनेकदा मागणी येते. शेजारच्या संगमनेर येथे कांताबाई सातारकर (मृत्यू २०२१) यांच्यासारख्या नामवंत तमाशा कलावंताचे वास्तव्य होते, आणि तमाशाच्या सुपाऱ्या ठरविण्याचे प्रमुख केंद्र असलेले नारायणगाव (जि. पुणे) याच टापूच्या दक्षिणेस आहे. या कलावंतांपैकी बहुतेकांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतबाहेर घोटाळणारे असते. म्हणूनच मूलभूत नियमांची माहिती त्यांना अधिक उपयोगाची ठरते.

उत्पन्नात काय धरावे : कार्यक्रमाची सुपारी, बिदागी, मानधन, चित्राची किंमत, शिकवणीचे शुल्क, लेखकाचे स्वामित्वधन हे सर्व उत्पन्न होय. रोखीने मिळाले म्हणून ते वगळले जात नाही. वस्तुरूपाने मिळालेला मोबदलाही त्याच्या किमतीइतका उत्पन्नात धरला जातो. खरा वाद उद्‌भवतो तो प्रेक्षकांनी दिलेली दौलतजादा, कीर्तनकाराच्या आरतीत पडलेली दक्षिणा आणि चाहत्यांच्या देणग्या यांविषयी. या रकमा कोणी करार करून देत नाही. मग त्या भेटी मानाव्यात की उत्पन्न?

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये पी. कृष्ण मेनन यांच्या प्रकरणात या प्रश्नाचे मूलगामी उत्तर दिले. तिरुवितांकूर संस्थानातील हे निवृत्त पोलीस अधिकारी आपल्या घरी वेदान्त शिकवीत व त्यासाठी काहीही मागत नसत. त्यांच्या एका इंग्रज शिष्याने त्यांना मोठ्या रकमा दिल्या. अध्यापन ही त्यांची वृत्ती होती, त्या वृत्तीमुळेच रकमा मिळाल्या आणि नफ्याचा हेतू नसला तरी वृत्ती ही वृत्तीच राहते, असे ठरवून न्यायालयाने त्या रकमा करपात्र मानल्या. याउलट महेश अनंतराय पट्टणी यांच्या १९६१ च्या प्रकरणात भावनगरच्या महाराजांनी आपल्या माजी दिवाणास दिलेली रक्कम ही वैयक्तिक जिव्हाळ्याची भेट ठरून करमुक्त राहिली. दोहोंतील कसोटी एकच आहे : देणाऱ्याने कलेसाठी वा कामासाठी दिले, की माणसासाठी दिले? दौलतजादा व कीर्तनातील दक्षिणा या कसोटीवर सामान्यतः उत्पन्न ठरतात. मुलीच्या लग्नात एखाद्या रसिकाने केलेला आहेर तसा ठरत नाही; परंतु नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांवर गेली, तर ती संपूर्ण रक्कम ‘इतर मार्ग’ या शीर्षाखाली करपात्र होते. स्वतःच्या विवाहप्रसंगी मिळालेल्या भेटींना मात्र हा नियम लागू नाही.

पुरस्कारांचा विचार वेगळा आहे. केंद्र वा राज्य शासनाने सार्वजनिक हितार्थ स्थापन केलेल्या, तसेच केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या अन्य संस्थांच्या पुरस्काराची रक्कम कलम १०(१७अ) नुसार करमुक्त आहे. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा कलावंतास देत असलेला जीवनगौरव पुरस्कार या प्रकारचा होय. गावातील मंडळाने किंवा खासगी संस्थेने दिलेल्या पुरस्कारास, मान्यता नसेल तर, ही सवलत मिळत नाही. सन्मानपत्राचा मजकूर दोन्ही ठिकाणी सारखाच असतो. फरक पडतो तो संस्थापकाच्या ओळखीने. वृद्ध कलावंतांना राज्य शासनाकडून मिळणारे मासिक मानधन २०२४ मध्ये ५,००० रुपये करण्यात आले. वर्षाचे ६०,००० रुपये हे करमुक्त मर्यादेच्या पुष्कळच खाली असल्यामुळे अन्य प्राप्ती नसलेल्यास त्यावर कर पडण्याचा प्रश्न येत नाही.

हंगाम आणि वर्ष : आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो, म्हणजे ऐन यात्रांच्या दिवसांत वर्ष तुटते. फाल्गुनात घेतलेली सुपारीची आगाऊ रक्कम चैत्र-वैशाखातील खेळाची असते. ती कोणत्या वर्षाची धरावी, हे हिशेबाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. रोख पद्धतीत पैसे हाती आले वा गेले त्या दिवशी नोंद होते. देयता पद्धतीत काम पूर्ण होऊन हक्क निर्माण झाला त्या दिवशी. कोणतीही एक पद्धती पत्करता येते, परंतु ती नियमितपणे पाळावी लागते. दोहोंची मिसळ १९९७-९८ या निर्धारण वर्षापासून बंद झाली आहे. रोख पद्धती कलावंतास समजण्यास सोपी. मात्र तिच्यात एखाद्या वर्षी दोन हंगामांची आगाऊ रक्कम एकत्र येऊन उत्पन्न फुगलेले दिसण्याचा संभव असतो. फडमालकाने स्वतः काढलेले कर्ज हे उत्पन्न नव्हे आणि त्याची परतफेड हा खर्च नव्हे. व्याज तेवढे खर्च होय. सावकाराच्या व्याजाची पावती बहुधा नसते, आणि त्यामुळे फडाचा सर्वांत मोठा खर्च हिशेबात दाखविता येत नाही, ही या धंद्यातील जुनी अडचण आहे.

खर्चाची वजावट : व्यवसायासाठी पूर्णतः व केवळ त्याच हेतूने केलेला, वैयक्तिक नसलेला आणि भांडवली नसलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो (कलम ३७). रंग, कुंचले, कापड, वाद्यांची दुरुस्ती, साथीदारांचे मानधन, प्रवास, जागेचे भाडे, जाहिरात, दूरध्वनीचा व्यवसायापुरता भाग, हिशेबनिसाचे शुल्क ही याची सरळ उदाहरणे होत. राहत्या घराची एक खोली चित्रशाळा म्हणून वापरल्यास भाड्याचा व विजेचा प्रमाणशीर हिस्सा मागता येतो. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकास नावनोंदणी करून भरावा लागणारा वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय कर हा प्राप्तिकराहून अगदी वेगळा असून तोही खर्च म्हणून वजा होतो. या दोहोंची गल्लत करून ‘कर भरला आहे’ असे समजणारे अनेक असतात.

संवादिनी, छायाचित्रक, ध्वनिक्षेपक यांसारखी टिकाऊ साधने भांडवली असल्याने त्यांची पूर्ण किंमत एकदम वजा होत नाही. दर वर्षी घसारा मिळतो. यंत्रसामग्रीस तो सामान्यतः १५ टक्के व संगणकास ४० टक्के असतो, आणि साधन खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असल्यास निम्मा.

वैयक्तिक आणि व्यावसायिक यांच्या सीमारेषेवर मात्र कलावंतांची वारंवार निराशा होते. रंगमंचावरील भरजरी वेश हा व्यवसायाचा खर्च ठरू शकतो. रोजच्या वापरातही चालेल असे वस्त्र ठरत नाही. न्यायालयात नेसावयाच्या काळ्या वस्त्रांचा खर्च मागणाऱ्या एका महिला बॅरिस्टरचा दावा इंग्लंडच्या उमराव सभेने १९८३ मध्ये याच कारणाने फेटाळला. शरीर हेच ज्याचे साधन, त्याच्या शरीराच्या उपचारांचे काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. करंगळीवर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका गिटारवादकाचा दावा इंग्लंडमध्ये १९७० साली अमान्य झाला. कारण ते बोट त्याला केवळ पैशासाठी वाजविण्यास नव्हे, तर छंद म्हणून वाजविण्यासही हवे होते. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च मागणारे विधिज्ञ शांतिभूषण यांनाही दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. गायकाच्या कंठावरील उपचारांबाबतही यामुळे फारशी आशा बाळगता येत नाही. कायद्याची ही भूमिका तर्काला धरून असली, तरी यंत्राच्या दुरुस्तीला वजावट आणि गळ्याच्या दुरुस्तीला नाही, हे कलावंताला पटणे कठीणच.

एका दिवसात एका व्यक्तीस १०,००० रुपयांहून अधिक रोखीने दिलेला खर्च वजावटीस अपात्र ठरतो (माल वाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे). तसेच एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका कार्यक्रमापोटी २ लाख रुपये वा अधिक रोखीने स्वीकारण्यास कलम २६९ एसटी नुसार मनाई असून, भंग झाल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. यात्रेच्या रात्री नोटांची थैली घेणाऱ्या फडमालकाने हा नियम विशेष ध्यानात ठेवावयास हवा.

पुराव्याविना अंदाजी खर्च मागण्यातील धोका एका नामवंत प्रकरणात दिसून आला. चित्रपट अभिनेते अमिताभ बच्चन यांनी सुधारित विवरणपत्रात कलावंत म्हणून झालेल्या प्राप्तीच्या ३० टक्के इतका ठोकळ खर्च मागितला आणि चौकशी सुरू झाल्यावर ती मागणी मागे घेतली. मागे घेतली म्हणून चौकशी संपत नाही, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयुक्तांचा फेरचौकशीचा आदेश कायम केला.

हिशेबवह्या व अनुमानाधारित आकारणी : कलम ४४ एए (अंमल १ एप्रिल १९७६ पासून) हे काही व्यवसायांना हिशेब ठेवणे बंधनकारक करते. विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशिल्प, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला व अंतर्गत सजावट ही नावे कलमातच आहेत. १९७७ च्या अधिसूचनेने त्यांत ‘चित्रपट कलावंत’ या व्यवसायाची भर पडली. नट, छायालेखक, दिग्दर्शक, संगीत, नृत्य व कला दिग्दर्शक, संकलक, गायक, गीतकार, कथा-पटकथा-संवादलेखक आणि वेशभूषाकार असे सर्व त्यात येतात. मात्र ते चित्रपटाच्या निर्मितीत गुंतलेले असले पाहिजेत. अशांची प्राप्ती आधीच्या तिन्ही वर्षांत दीड लाख रुपयांवर गेली असल्यास नियम ६ एफ नुसार रोखवही, खातेवही, पावत्यांच्या स्थळप्रती व खर्चाची मूळ बिले सहा वर्षे जपावी लागतात. इतर कलावंतांना उत्पन्न अडीच लाख रुपयांवर किंवा एकूण प्राप्ती २५ लाखांवर गेल्यास हिशेब ठेवावा लागतो. मात्र त्यासाठी वह्यांची ठरावीक यादी नाही. जुन्या पद्धतीची कीर्द-खतावणी नीट लिहिलेली असेल, तर तीही चालते.

या वर्गीकरणाचे तेव्हा ओझे होते. २०१६ नंतर त्याचीच सवलत झाली. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने आणलेल्या कलम ४४ एडीए नुसार (२०१७-१८ निर्धारण वर्षापासून) वरील नामनिर्दिष्ट व्यवसायातील व्यक्तीस एकूण प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. मग खर्चाचा हिशेब द्यावा लागत नाही. प्राप्तीची मर्यादा ५० लाख रुपये असून रोख प्राप्ती ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ती २०२३ पासून ७५ लाख झाली. चित्रपटासाठी लावणी लिहिणाऱ्या गीतकारास ही सोय मिळते. तीच लावणी कनातीत गाणाऱ्या गायिकेस मात्र ती स्पष्ट शब्दांत मिळत नाही. कारण रंगभूमी, लोककला, चित्रकला वा कीर्तन यांचा त्या यादीत कधीच समावेश झाला नाही. अर्धशतकापूर्वी चित्रपटसृष्टीतील पैशावर नजर ठेवण्यासाठी केलेल्या यादीवर आजची सवलत बेतल्यामुळे ही विसंगती निर्माण झाली आहे. आणि हिशेब ठेवणे ज्यांना सर्वांत अवघड, तेच हिशेबातून सुटण्याच्या सोयीबाहेर राहिले आहेत.

फडमालक, बँडपथकाचा चालक, फलक रंगविण्याची कंत्राटे घेणारा यांचा उद्योग ‘धंदा’ या सदरात बसत असल्यास त्यांना कलम ४४ एडी चा आधार घेता येतो. त्यात उलाढालीच्या किमान ८ टक्के (धनादेश, बँक वा विद्युत् मार्गाने मिळालेल्या रकमेवर ६ टक्के) उत्पन्न मानले जाते. मर्यादा २ कोटी रुपये, आणि रोख प्राप्ती ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटी. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असेल, तर अधिक दाखविणे अपेक्षित आहे. एकट्याने चित्रे काढून विकणाऱ्या चित्रकारास हे कलम लागू करावे काय, याबद्दल मतभेद आहेत. अशा व्यक्तीने साधा जमाखर्च ठेवून प्रत्यक्ष उत्पन्न दाखविणे हाच निर्धोक मार्ग होय.

दर आणि एक नमुना : २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धती ही मूळ पद्धती झाली. २०२५-२६ या वर्षासाठी तीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. पुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के असे दर आहेत. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ च्या सुटीमुळे कर शून्य होतो. करावर ४ टक्के उपकर आहे. वेतनदारांची प्रमाणित वजावट स्वतंत्र कलावंतास मिळत नाही.

श्रीरामपुरातील एका काल्पनिक फलक-चित्रकाराचे उदाहरण घेता येईल. त्याची वर्षाची प्राप्ती ९,६०,००० रुपये आहे. साहित्य १,९०,०००, मदतनिसाचे वेतन १,४४,०००, गाळ्याचे भाडे ७२,०००, प्रवास ३८,००० आणि ८०,००० रुपयांच्या यंत्रावरील घसारा १२,००० असा त्याचा खर्च ४,५६,००० रुपये होतो. उरलेले ५,०४,००० रुपये हे त्याचे उत्पन्न. त्यावर ५,२०० रुपये कर निघतो व सुटीमुळे तो पूर्णपणे माफ होतो. तरीही त्याला विवरणपत्र भरावेच लागते. कारण ते भरण्याचे बंधन ४ लाखांच्या मूळ मर्यादेवर अवलंबून आहे, सुटीनंतरच्या करावर नाही. समजा, त्याने ४,८०,००० रुपयांचे काम एका संस्थेसाठी केले व तिने १ टक्का कर कापला, तर ते ४,८०० रुपये विवरणपत्र भरल्याखेरीज परत मिळत नाहीत.

शेतीचे उत्पन्न : श्रीरामपूर भागातील पुष्कळ कलावंतांच्या नावावर थोडीबहुत शेती असते. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. जमीन शेतीसाठी खंडाने दिल्यास मिळणारा खंडही शेतीचेच उत्पन्न होय. साखर कारखान्यांना जमिनी खंडाने देणाऱ्या खंडकरी शेतकऱ्यांच्या या प्रदेशात ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. हीच जमीन तंबू ठोकण्यासाठी वा चित्रीकरणासाठी भाड्याने दिली, तर ते भाडे शेतीचे राहत नाही.

मुक्त असले तरी शेतीचे उत्पन्न कराच्या दरावर परिणाम करते. डॉ. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये केलेल्या शिफारशीस अनुसरून १९७३ पासून ही अंशतः एकत्रीकरणाची पद्धती आली. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांवर आणि अन्य उत्पन्न मूळ मर्यादेवर असल्यास दोहोंच्या बेरजेवरील करातून, मूळ मर्यादा अधिक शेतीचे उत्पन्न यांवरील कर वजा केला जातो. एखाद्या गायकाचे व्यवसायाचे उत्पन्न १४ लाख व उसाचे ४ लाख रुपये असेल, तर २०२५-२६ च्या दरांनी १८ लाखांवरील कर १,६०,००० व ८ लाखांवरील २०,००० रुपये होतो. फरक १,४०,००० व उपकरासह १,४५,६०० रुपये. ऊस नसता, तर त्याला ९३,६०० रुपयेच द्यावे लागले असते. व्यवसायाचे उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्यास हा फरक सुटीमुळे कमी वा नाहीसा होऊ शकतो. बिदागीची रक्कम उसाच्या नावावर दाखविण्याचा मोह काहींना होतो; परंतु सात-बारा उताऱ्यावरील क्षेत्र व कारखान्याच्या ऊसबिलांशी ती ताडून पाहणे मुळीच कठीण नसते.

करकपात, आगाऊ कर व विवरणपत्र : कंपनी, सहकारी साखर कारखाना, नगरपरिषद, न्यास व नोंदणीकृत संस्था यांनी कंत्राटी कामाची रक्कम देताना व्यक्तीच्या बाबतीत १ टक्का कर कापावयाचा असतो (एका कामाचे ३०,००० किंवा वर्षाचे १,००,००० रुपये ओलांडल्यास). चित्रपट कलावंताच्या व्यावसायिक शुल्कावर हा दर १० टक्के असून १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा वार्षिक ५०,००० रुपये झाली. स्थायी खाते क्रमांक (पॅन) न दिल्यास २० टक्के कपात होते. कापलेला कर वार्षिक करविवरणात आपल्या नावे जमा दिसतो की नाही, हे कलावंताने स्वतः पाहावे.

कपात वजा जाता १०,००० रुपये वा अधिक कर देय असेल, तर तो वर्षभरात १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या दिनांकांना अनुक्रमे १५, ४५, ७५ व १०० टक्के या क्रमाने भरावा लागतो. दसऱ्यानंतर कमाई सुरू होणाऱ्याला जूनचा हप्ता विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. अनुमानाधारित आकारणी पत्करणाऱ्यांना मात्र सर्व रक्कम १५ मार्चपर्यंत एकदम भरता येते.

मुदतीनंतरच्या विवरणपत्रास उत्पन्नानुसार १,००० किंवा ५,००० रुपयांपर्यंत विलंबशुल्क पडते. त्याहून मोठे नुकसान तोट्याच्या वर्षात होते. धंदा-व्यवसायाचा तोटा पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो, परंतु तो दाखविणारे विवरणपत्र मुदतीत भरलेले असले पाहिजे. २०२०-२१ मध्ये महासाथीमुळे यात्रा बंद राहिल्या तेव्हा फडमालकांवर कर्ज चढले. ज्यांनी उत्पन्नच नाही म्हणून विवरणपत्र भरले नाही, त्यांना २०२८-२९ पर्यंत मिळू शकणारी ही वजावट गमवावी लागली. बँकेकडे कर्ज मागताना मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच उत्पन्नाचा पुरावा म्हणून पुढे ठेवावी लागतात. ती नसलेला कलावंत पुन्हा सावकाराच्या दारात जातो.

लेखक व परदेशी प्राप्ती : साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय पुस्तकांच्या स्वामित्वधनावर निवासी लेखकास कलम ८० क्यूक्यूबी नुसार ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, नियतकालिके, दैनंदिन्या इ. तीतून वगळली आहेत. ही वजावट केवळ जुन्या करपद्धतीत आहे. धंदा वा व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी पद्धती निवडून सोडली, की पुन्हा तिच्याकडे वळण्याची मुभा सामान्यतः राहत नाही.

लेखक, नाटककार, कलावंत, संगीतकार, नट व खेळाडू यांना परदेशातून मिळणाऱ्या व्यावसायिक उत्पन्नावर पूर्वी कलम ८० आरआर खाली वजावट असे; ती टप्प्याटप्प्याने कमी होऊन २००५-०६ या निर्धारण वर्षापासून बंद झाली. त्या निमित्ताने ‘कलावंत कोण’ या प्रश्नाची न्यायालयीन चर्चा मात्र पुष्कळ झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेशभूषाकार तरुण तहिलियानी यांना कलावंत मानले. २०११ मध्ये मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांचा, जाहिरातपटांतील काम हा आपला नटाचा व्यवसाय आहे, हा दावा मान्य केला. एका व्यक्तीस दोन व्यवसाय असू शकतात, असे त्यात धरण्यात आले.

वस्तू व सेवा कर हा प्राप्तिकराहून स्वतंत्र असला, तरी कलावंतास त्याची एक तरतूद ठाऊक असावी. लोककला वा अभिजात कला या प्रकारांतील संगीत, नृत्य वा नाट्य यांच्या प्रयोगासाठी कलावंताने घेतलेले मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास २०१७ पासून त्यावर हा कर नाही; वस्तूच्या प्रसिद्धिदूताच्या भूमिकेला ही सूट मिळत नाही. येथे लोककलेचा उल्लेख नावाने केलेला आहे. प्राप्तिकराच्या अधिसूचनेत तो आढळत नाही.